देवळीच्या रस्त्यावर बदललेलं चाक

वर्धा स्टेशनवर उतरले तेव्हा सकाळचे सात वाजत होते आणि हवेत चांगला गारठा होता. आमच्या चिपळूणला नोव्हेंबरातही दुपारी घाम फुटतो, म्हणून मी शाल बॅगेत तळाशी टाकली होती. ती काढायला प्लॅटफॉर्मवरच बॅग उघडून बसले. तेवढ्यात मागून आवाज आला, "नीला, संसार इथंच मांडतेस का?"

करुणा. पस्तीस वर्षांपूर्वी पुण्यात बी.एड. करताना आम्ही एका खोलीत राहिलो होतो. मी चिपळूणच्या शाळेतून निवृत्त झाले, ती अजून देवळीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. दरवर्षी "ये गं एकदा" म्हणायची, आणि दरवर्षी माझं काहीतरी निघायचं. या वर्षी मात्र तिचं बोलावणं नुसतं पाहुणचाराचं नव्हतं. तिच्या सासूबाईंच्या मोतीबिंदूची शस्त्रक्रिया सेवाग्रामच्या दवाखान्यात ठरली होती. नवरा नोकरीनिमित्त गडचिरोलीला, आणि नेमकी त्याच दिवशी शाळेची तपासणी. "तू गाडी चालवतेस ना? आत्याबाईंना तेवढं पोचव. एरवी नसतं सांगितलं," ती फोनवर म्हणाली होती.

स्टेशनबाहेरच्या टपरीवर आम्ही तर्री पोहे खाल्ले. पोह्यांवर हरभऱ्याचा लालभडक रस्सा. टपरीवाल्यानं विचारलं, "ताई, सांभार टाकू?" मी घाईघाईनं म्हटलं, "नको नको, एवढा रस्सा आहे, वर सांबार कशाला?" करुणा हसून हसून लाल झाली. सांभार म्हणजे इथं कोथिंबीर! मग मी मुद्दाम दोनदा मागून घेतली.

करुणाची पांढरी छोटी गाडी तिनंच चालवली. देवळी मागे टाकून आठ-नऊ किलोमीटर आत तिचं गाव. कोकणातल्या माणसाला इथली जमीन पाहून आधी बिचकायलाच होतं. नजर अडवायला डोंगर नाही, वळण नाही. काळी माती थेट आभाळाला टेकलेली. दोन्ही बाजूंना पऱ्हाटी (कपाशीची झाडं) पांढरीशुभ्र फुटलेली, मध्ये मध्ये तुरीच्या पिवळ्या फुलांच्या ओळी. बायका कमरेला ओट्या बांधून कापूस वेचत होत्या. गाडी जवळून गेली तरी त्यांचे हात थांबत नव्हते.

घराच्या ओट्यावर पांढऱ्या केसांची एक सडपातळ बाई बसली होती. आमची चाहूल लागताच तिनं मान वळवली; पण आमच्याकडे नाही, जरा बाजूला.

"आली का वो तुई मैत्रीण? ये बाई, बस. चेहरा नाई दिसत मले, आवाजानंच वळखीन."

या गिरजाबाई. वय अठ्ठ्याहत्तर. मी त्यांना मावशी म्हणू लागले. डावा डोळा जवळजवळ गेलेला, उजव्यानं धूसर आकार तेवढे दिसायचे. सबंध आयुष्य शेतात मजुरी करून, मग तीन एकर घेऊन त्यांनी दोन मुलं शिकवली. स्वतः अक्षर शिकल्या त्या पंचेचाळिसाव्या वर्षी, सुनेकडून. नंतर रोज संध्याकाळी ओट्यावर बसून पेपर पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचायच्या, म्हणे. शेजारणी ऐकायला येत. गेली दोन वर्षं ते बंद होतं.

"मग शस्त्रक्रिया आधीच का नाही केली?" मी विचारलं.

उत्तर करुणानं दिलं. एकदा तारीख मिळाली तर सोयाबीनची कापणी आडवी आली. दुसऱ्यांदा खोकला. "खरं कारण भीती आहे. या खेपेला कशाबशा तयार झाल्यात. उद्या चुकली तर पुन्हा जायच्या नाहीत."

मावशी चुलीकडे वळल्या. तव्यावरची ज्वारीची भाकर त्यांनी न बघता, बोटांनी चाचपून उलटली. वांग्याची भाजी, लसणाचा ठेचा आणि कच्चा कांदा. मी दोन भाकरी खाल्ल्या. घरी अर्धी खाते.

दुसऱ्या दिवशी साडेसातला आम्ही निघालो. दहाच्या आत दवाखान्यात पोचायचं होतं. करुणा आधीच शाळेत गेली होती. मावशी मागच्या सीटवर, मांडीवर कागदांची पिशवी घट्ट धरून.

गावाबाहेर चारेक किलोमीटरवर एक रपटा (ओढ्यावरचा ठेंगणा पूल) लागतो. तो ओलांडताना कडेला तुटलेल्या सिमेंटवर डावं चाक धाडकन आपटलं. पुढे थोडं अंतर गेले तर स्टिअरिंग डावीकडे ओढ घेऊ लागलं. मला वाटलं, रस्ताच तसा असेल.

"बाई, गाडी लंगडून राह्यली," मागून मावशी म्हणाल्या.

त्यांना दिसत नव्हतं, पण कळलं होतं. मी घाबरून तिथल्या तिथे गाडी रस्त्याखाली उतरवली आणि बघितलं. डावीकडचा पुढचा टायर पार बसला होता.

इथं एक गोष्ट कबूल करते. वीस वर्षं गाडी चालवते, पण चाक कधीही बदललं नव्हतं. टायर पंक्चर झाला की मी नवऱ्याला फोन करायची, नवरा गॅरेजवाल्याला करायचा, आणि मी जवळपासच्या हॉटेलात चहा प्यायची. त्या सकाळी चहा नव्हता, गॅरेज नव्हतं आणि नवरा सातशे किलोमीटर लांब होता. करुणाचा फोन लागला नाही. तिच्या नवऱ्याचा लागला. तो म्हणाला, "देवळीहून माणूस पाठवतो ताई, पण तो साडेनऊला दुकान उघडतो. तिथं यायला दहा वाजतील."

मी डिकी उघडली. तळावरचं आच्छादन काढलं, तर खाली स्टेपनी, जॅक आणि पाना. सगळं होतं. मी मावशींना म्हटलं, "तुम्ही आतच बसा, बाहेर ऊन लागेल. मी बघते."

"मी आत बसू आन् तू गाडी उचलशीन? वझं कमी कर बाई आधी," म्हणत त्यांनी दार चाचपलं आणि त्या उतरल्याही. मी त्यांना चार पावलांवरच्या बाभळीखाली बसवलं.

चाकाच्या मागे, गाडीच्या खालच्या कडेला जॅक लावायची खाच असते एवढं मला ऐकून माहीत होतं. ती सापडली. जॅक लावला आणि दांडा फिरवू लागले. दांडा फिरत होता, जॅक उंच होत होता, पण गाडी काही उचलेना. मग कळलं, जॅकच खाली जात होता. शेजारच्या शेतात रात्री पाणी सोडलं होतं, आणि ते झिरपून कडेची काळी माती लोण्यासारखी झाली होती. तरीही मी फिरवतच राहिले. हळूहळू चाक बोटभर सुटलं. खाच नीट बसली आहे का ते पाहायला मी वाकून हात आत घातला.

"हात काढ! सरक मांगं!"

मावशी ओरडल्या. असा आवाज मी शाळेतही कधी लावला नसेल. काही न समजता मी हात ओढला आणि मागे बसले. पुढच्या क्षणी जॅक तिरका झाला आणि गाडी धप्पकन खाली आली. माझा हात जिथे होता तिथे आता पत्रा आणि आडव्या झालेल्या जॅकमध्ये एका बोटाचंही अंतर नव्हतं.

मी तशीच मातीत बसून राहिले. मावशी झाडाला धरत, पायांनी अंदाज घेत माझ्यापाशी आल्या. त्यांनी आधी माझा हात चाचपला, मनगटापासून एकेक बोट.

"हायेत पाची," त्या म्हणाल्या आणि शेजारी बसल्या.

"तुम्हाला कसं कळलं?"

"लोखंड कुरकुरलं ना. पडायच्या आधी सांगते ते. आपण ऐकलं पायजे."

मग पाण्याची बाटली माझ्या हातात देत त्यांनी सांगितलं. त्यांच्याकडे बंडी (बैलगाडी) होती. चाकाच्या आसाला वंगण द्यायचं तर बंडी एका बाजूनं उचलून चाक काढावं लागे. एका पावसाळ्यात त्यांच्या मालकानं (नवऱ्यानं) ओल्या जमिनीवर टेकू लावला. घाई होती, आधाराचा ओंडका ठेवला नव्हता. टेकू सरकला आणि मालकाच्या उजव्या हाताची दोन बोटं गेली.

"तवापासून त्याइले हात नाई लावू देल्ला. बंडीचं चाक मीच काढत जाव. गावातले हासत, का बाई पाहा चाक काढते. हासू द्या म्हटलं. पंधरा वर्सं काढलं. एकडाव बी बंडी नाई पडली."

मी म्हटलं, "मावशी, आता आपण काय करायचं?" त्या क्षणी मी चौतीस वर्षं शिकवलेली शिक्षिका राहिलेच नव्हते.

"पयले गाडी इथून काढ. समोर यष्टी वळते तिथं मुरूम हाय, लय कडक."

बसक्या टायरवर गाडी नेऊ नये हे मला माहीत होतं. पण टायर जाणारच होता, बोटं महत्त्वाची. मावशींना मागे बसवून मी माणूस चालतो त्या वेगानं शंभर-दीडशे पावलं गाडी नेली. खरंच तिथं बस वळायची लाल, कडक, सपाट जागा होती. रस्त्यापासून चांगली आत. मी हँडब्रेक ओढला, पहिला गिअर टाकला, चारी इशारादिवे लावले. डिकीतला लाल त्रिकोण मागे तीस पावलांवर उभा करून आले आणि मावशींना उतरवून बाजूला बसवलं.

"आता उलट्या बाजूच्या मांगच्या चाकाले गोटा लाव. दोहीकडून."

मी दोन मोठे दगड आणले आणि उजव्या मागच्या चाकाच्या पुढे-मागे ठोकून बसवले. डिकीत करुणाची शाळेच्या प्रदर्शनासाठीची एक जाड फळी होती. जमीन कडक असूनही मावशींनी ती जॅकखाली घालायला लावली. जॅक चढवला. या वेळी तो सरळ उभा राहिला आणि गाडी अलगद उचलली गेली. मी खुशीत पाना लावून नट फिरवायला घेतला, तर नटाऐवजी अख्खं चाकच हवेत हलू लागलं, आणि माझ्या झटक्यानं गाडी डुलली.

"काऊन हलली वो?"

मी सांगितलं. मावशी हसल्या. त्या दिवशी पहिल्यांदा. "चाक जमिनीवर असतानीच ढिलं करा लागते. जमीन धरून ठेवते त्याले. उतरव."

उतरवलं. पाना लावला. नट जागचे हलेनात. हातांनी ओढून ओढून माझा खांदा भरून आला. "हातानं नाई. पाना आडवा धर आन् पाय दे, सगळ्या अंगाचा भार. पण धरून राह्य, नाई त पडशीन." गाडीच्या छताला हात टेकून मी पान्यावर पाय दिला, हळूहळू वजन टाकलं. कर्रर्र आवाज झाला आणि पहिला नट सुटला. एवढा आनंद मला निवृत्तीच्या समारंभातही झाला नव्हता. चारही नट अर्धा अर्धा फेरा ढिले केले, मग पुन्हा जॅक चढवला.

चाक काढायच्या आधी मावशींनी थांबवलं. "ओंडका?"

ओंडका कुठून आणायचा? माझं लक्ष स्टेपनीकडे गेलं. ती आडवी करून गाडीच्या पोटाखाली, जॅकच्या शेजारी सरकवली. जॅक निसटलाच तरी गाडी तिच्यावर बसेल. मावशींना सांगितलं तर त्यांनी मान डोलावली. "डोकं हाय तुले." ही शाबासकी मी जपून ठेवली आहे.

नट काढून एकेक त्यांच्या हातात दिले. त्यांनी ते पदरात घेऊन गाठ मारली. जुनं चाक ओढून काढलं. तोंडावर धूळ उडाली. जुनं गाडीखाली सारलं, स्टेपनी बाहेर काढली आणि ती उचलून बसवायला लागले तेव्हा एक मोटरसायकल येऊन थांबली. दुधाच्या कॅना लावलेला पन्नाशीचा माणूस.

"जय भीम, गिरजाबाई! इथं कुठं?"

"जय भीम, रमेश. दवाखान्यात चालली. चाक बसलं."

रमेशभाऊंनी बाह्या वर केल्या. "सरका ताई. दोन मिनिटाचं काम हाय."

खरं सांगायचं तर घड्याळात नऊला दहा कमी होते, आणि शहाणपण सरकण्यातच होतं. पण माझ्या तोंडून निघालं, "नको भाऊ. एवढं केलंय, पुरं करते." ते बुचकळ्यात पडले. मावशी म्हणाल्या, "तू रस्त्याकडे उभा राह्य. गाडी आली त हात दाखवजो." आणि तो भला माणूस खरोखर पाठ करून रस्त्यापाशी उभा राहिला.

चाक बसवताना भोकं आणि खुंट्या जुळेनात. शेवटी मी जमिनीवर बसून, चाक पावलांवर पेलून वर सरकवलं, तेव्हा बसलं. मावशींनी पदराची गाठ सोडून एकेक नट दिला. "पयले बोटानं फिरव. मंग समोरासमोरचे कस. एकाजवळचा दुसरा कसशीन त चाक तिरपं बसते." तसं केलं. जुनं चाक बाहेर ओढून गाडी खाली उतरवली, आणि चाक जमिनीला टेकल्यावर पुन्हा समोरासमोरचे नट पायाचा भार देऊन कसले.

रमेशभाऊंनी आता येऊन प्रत्येक नटाला पाना लावून पाहिला. एकही हलला नाही. "पक्कं हाय ताई. पण स्टेपनीत हवा कमी दिसते. हळू जाजो आन् देवळीत हवा भरून घेजो." मग मावशींकडे वळून ते जरा हळू आवाजात म्हणाले, "डोळ्याचं भेव नोका ठेवू. माह्या मायचं बी केलं तिथं."

देवळीत हवा भरली. दुकानदारानं न सांगता नट तपासले आणि विचारलं, "कोणं कसले?" मी म्हटलं, "मी." त्यानं मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "बरोबर कसले," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाईकाकडे वळला. यापेक्षा मोठं प्रमाणपत्र नको.

सेवाग्रामला पोचलो तेव्हा सव्वादहा झाले होते. नर्सनं माझ्याकडे पाहिलं. साडीवर काळी माती, कपाळावर वंगण. "काय झालं? अपघात झाला काय?" मी घडलेलं सांगितलं. तिनं आत जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टर म्हणजे तिशीतली एक मुलगीच. तिनं बाहेर येऊन मावशींचा हात धरला. "आजी, तुम्ही गाडी दुरुस्त करून आल्या म्हणे? मग डोळा काय, आपण करूनच टाकू." रक्तदाब तपासला. मावशींचा अगदी ठीक निघाला. मी गंमत म्हणून माझाही तपासून घेतला, तर नर्सनं मला पंधरा मिनिटं बाकावर बसवून ठेवलं.

मावशींना आत नेताना मात्र त्यांनी माझी बोटं घट्ट धरली. "बाई, तुले भेव वाटलं होतं का, गाडी पडली तवा?"

"खूप."

"तरी बी केलं ना."

"तुम्ही सांगत होतात म्हणून."

"मंग ते डाक्टरीणबाई बी सांगीन," त्या म्हणाल्या, आणि हात सोडून आत गेल्या.

दुपारी त्या झोपलेल्या असताना करुणा आली, आणि मी तासभर आश्रमाकडे चालत गेले. कुडाच्या भिंती, कौलं, सारवलेली अंगणं आणि मोठमोठी झाडं. आमच्याकडच्या घरांची आठवण झाली. कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. एक म्हातारे गृहस्थ झाडलोट करत होते. त्यांनी माझे हात पाहिले आणि काही न विचारता नळाकडे बोट दाखवलं. मातीनं घासूनही नखांतलं काळं गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी पट्टी काढली. मावशींनी डोळे बारीक केले, नर्सकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं, सुनेकडे बराच वेळ पाहिलं. मग माझ्याकडे. "तू त लयच गोरी हाय वो. आवाजावरून सावळी वाटली होती." करुणा हसता हसता रडायला लागली.

चार दिवसांनी मी निघाले. रात्रीच्या गाडीनं, गोरसपाकाचे (वर्ध्याच्या तुपातल्या बिस्किटांचे) दोन डबे आणि मावशींनी दिलेल्या तुरीच्या हिरव्या शेंगा घेऊन. बर्थवर पडल्यापडल्या बराच वेळ विचार करत होते. आयुष्यभर मी मुलांना शिकवलं, पण बहुतेक वेळा फळ्याशी उभं राहून, सगळं डोळ्यांसमोर असताना. एक बाई, जिला चाक दिसत नव्हतं, जिनं जॅक कधी हातात धरला नव्हता, तिनं मला ते काम शिकवलं. आणि एकदाही "दे इकडे" म्हणाली नाही. तिला माझ्या हातांची काळजी होती, पण त्या हातांवर भरवसाही होता. दोन्ही एकाच वेळी ठेवणं किती अवघड, हे शिकवणाऱ्यालाच कळतं.

चिपळूणला आल्यावर पहिल्या रविवारी मी अंगणातल्या फरशीवर आमच्या गाडीचं चाक काढून पुन्हा बसवलं. नवरा चहाचा कप धरून पायरीवर बसला होता. तो मध्ये दोनदा उठला, दोनदा मी त्याला बसवलं.

परवा करुणाचा फोन आला. आवाज दमलेला. "तुझ्यामुळे माझे हाल चाललेत गं. आत्याबाईंनी अंगणात खुर्ची टाकलीय आणि मला गाडीचं चाक काढायला लावलंय. तिसऱ्यांदा!"

"आणि?"

"आणि आता त्यांना दिसतंय ना. चौथा नट नीट बसला नाही म्हणून पुन्हा सगळं उतरवायला सांगतात."

मागून मावशींचा आवाज स्पष्ट ऐकू आला, "फोन ठेव अन् पाना धर!"

करुणानं फोन ठेवला.